तिसऱ्या मजल्याचा प्रवासी

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. आप्पांनी तुला माफ केलं होतं का, असं तू विचारलं आहेस. एवढ्या एका ओळीसाठी तू चार कागद फाडले असशील. पण याचं उत्तर मला देता येत नाही. का देता येत नाही, तेवढं सांगू शकते. फोनवर जीभ वळली नसती, म्हणून लिहिते आहे.

आधी घरचं. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढताना ती कुणाचा हात धरत नाही. आप्पांचा चष्मा तिने अजून कॉम्प्युटरशेजारून हलवलेला नाही, त्यावरची धूळ मात्र रोज पुसते. माझं काम तेच चालू आहे. इंटरनेटवरच्या त्या काल्पनिक जगात लोक आपापली चित्रातली माणसं घेऊन हिंडतात, आणि तिथल्या वस्तू हलाव्यात म्हणून मी त्यांना स्क्रिप्ट लिहून देते. दार किती उघडायचं, होडी कुठून कुठे जायची, अशा सूचना. तू जिला मास्तरीण म्हणायचास ती घरातली पहिली पदवीधर दारं उघडायच्या नोकरीला लागली, म्हणून तू किती हसला होतास.

आप्पा ज्या इमारतीत लिफ्टमन होते, तिथल्या लिफ्टचा चालवायचा दांडा काढून तू बटणं बसवलीस, त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तुझ्या कंपनीने काम तुझ्याकडे दिलं, आणि परक्याने करण्यापेक्षा आपण करावं असं तुला वाटलं, हे मी मानते. तरी एकतीस वर्षं ज्या लिफ्टमध्ये उभे राहिले तिथे आप्पा सकाळी पोचले, आणि आत पाना घेऊन बसलेला स्वतःचा मुलगा त्यांना दिसला. तू आदल्या दिवशी सांगायला हवं होतंस. ते काही बोलले नाहीत. तूही बोलला नाहीस आणि महिन्याभरात दुसऱ्या शहरात निघून गेलास.

पुढच्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. दिवसभर खिडकीशी बसायचे. तेव्हा मला वाटलं, यंत्राने माणसाचं काढून घेतलेलं यंत्रानेच परत देता येईल. दादा, मी ते खरंच मानत होते. कामावर एका इमारतीसाठी लिफ्ट हवी होती. मी म्हटलं, ती मी करते, आणि तिच्यात लिफ्टमनही ठेवते.

माझी पहिली लिफ्ट भयंकर होती. एका झटक्यात वर जायची आणि आतला माणूस तळमजल्यावरच राहायचा. आप्पा आजारानंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "अगं, आधी हळू. मग सोड. मजला दिसायला लागला की पुन्हा हळू. आपण थांबलो कधी, हे माणसाला कळता कामा नये." मी तसंच लिहिलं: उरलेलं अंतर कमी होईल तसा वेग कमी. त्या तीन ओळींसाठी ऑफिसमध्ये माझं कौतुक झालं. त्या आप्पांच्या होत्या.

मग रोज संध्याकाळी पाच वाजता आप्पा कामावर जायचे, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून डाव्या हाताने बाण असलेलं बटण दाबत तिथला लिफ्टमन व्हायचे. शर्टाची वरची गुंडी आईकडून लावून घ्यायचे. लिफ्टमन असलेली लिफ्ट म्हणून सुरुवातीला लोक मजेने आले. दोन महिन्यांत येईनासे झाले. आप्पा तळमजल्यावर दार उघडं ठेवून बसून राहायचे, आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे.

म्हणून मी प्रवासी लिहिले. एक बाई, एक टपालवाला, छत्री विसरणारा एक म्हातारा. मजला सांगायचे, चढायचे, उतरायचे. आप्पा त्यांच्याशी माइकवर बोलायचे आणि त्यांची ठरलेली उत्तरं पडद्यावर उमटायची. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

मग प्रवासी म्हणून मी तुलाच लिहिलं, दादा. चौकड्यांचा शर्ट, हातात हत्यारांची पेटी, रोज साडेपाचला, तिसरा मजला. आप्पांना सांगितलं की दादा कामावरून सुटला की तिकडच्या कॉम्प्युटरवरून पाच मिनिटं येतो, पण अजून धीर होत नाही म्हणून फार बोलत नाही. त्या प्रवाशाला तीनच वाक्यं येत होती. "तिसरा मजला." "बरं आहे." "उद्या येतो."

आठवडाभराने आप्पा मला म्हणाले, "तुझा दादा फार शहाणा झालाय. लिफ्ट पूर्ण थांबेपर्यंत हलत नाही." लहानपणी मजला बोटभर लांब असतानाच तू उडी मारायचास आणि रोज ओरडा खायचास, हे मी विसरले होते. मी त्याच दिवशी स्क्रिप्ट दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी प्रवाशाने बोटभर आधी उडी मारली. आप्पा ओरडले, "गाढवा, पाय घालवशील एक दिवस." किती खूश होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता जमलं."

कुणाला जमलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आता जे टाळत होते ते. त्याआधी मी तुला दोनदा फोन करून ये म्हटलं होतं, आठवतं? तिसऱ्यांदा केला नाही. तुझी जागा भरली होती. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आईने मला कळवायला सांगितलं. मी कळवलं म्हणाले, पण कळवलं नव्हतं. तू खरा दारात उभा राहिला असतास तर माझं खोटं उघडं पडलं असतं. त्यांना धक्का बसेल असं मी स्वतःला समजावत होते, पण माझी भीती माझ्यापुरतीच होती. तुला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. तू आलास, फाटकाशी उभा राहिलास, आणि उशीर आपल्याच हातून झाला असं समजून परत गेलास. उशीर मी केला होता.

जायच्या चार दिवस आधी आप्पा हट्टाने खुर्चीत बसले. मी आत मटार सोलत होते. साडेपाचला तो प्रवासी चढला. आप्पांनी लिफ्ट मध्येच थांबवली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. म्हणाले, "त्या दिवशी दांडा तू काढलास ते बरं झालं. दुसऱ्याने ओरबाडून काढला असता. तू एकेक स्क्रू काढून खिशात ठेवत होतास, मी बघितलं."

पडद्यावर उत्तर आलं, "बरं आहे. उद्या येतो."

आप्पांनी ते वाचलं. मग लिफ्ट अलगद तिसऱ्यावर नेली, आणि आत बघून मला म्हणाले, "दमत असेल गं तो, रोज इतक्या वेळेवर यायचं म्हणजे."

त्यांना माहीत होतं की नव्हतं? माहीत नसेल, तर माफी त्यांनी माझ्या एका स्क्रिप्टला दिली. माहीत असेल, तर माझ्यामार्फत तुला दिली, आणि मी ती दोन महिने दाबून ठेवली. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, एकही माझा नाही. ते कुणाचे, ते तूच ठरव.

ते गेल्यावरही तो प्रवासी रोज साडेपाचला यायचा. स्क्रिप्टला कुणी थांब म्हटलं नव्हतं. रिकाम्या लिफ्टपाशी उभा राहून म्हणायचा, तिसरा मजला.

आज तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. डिसेंबरातलं खोटंही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मग खुर्चीत बसले आणि साडेपाच व्हायच्या आत त्या प्रवाशाला पुसून टाकलं. लिफ्ट ठेवली आहे. तळमजल्यावर आणली, दार उघडं ठेवलं, आणि लिफ्टमन नसताना ती आपोआप चालायची सोयही काढून टाकली. आता ती वर न्यायला खऱ्या माणसानेच यायला हवं.

तुझ्या जागेवर दुसऱ्याला उभं करणारी,
तुझी मास्तरीण