मनोऱ्यावरची उडी

हंगदियन, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस सुक-यिंगचा शि. सा. न.

सिनेमाची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून इथे चित्रनगरीत सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षांपूर्वी ज्या सिनेमात तुम्ही नायकाऐवजी घंटेच्या मनोऱ्यावरून पडून मेलात, तो नव्याने काढताहेत. आता नायकाच्या जागी नायिका आहे आणि तिच्याऐवजी मी पडणार आहे. बघा, पोरगा नाही म्हणून उगाच हळहळत होतात. कमरेला बांधलेली तार ओढायला आता माणसं नाहीत, यंत्र आहे. दिग्दर्शक तरुण, प्रेमळ. उडी महिनाअखेरीस, पण मरणाचं लाल पाकीट त्याने आजच पैसे घालून हातावर ठेवलं. जेवण मात्र अगदी बेचव.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची सुक-यिंग

युन लाँग, ११ नोव्हेंबर

चि. सुक-यिंगला अनेक आशीर्वाद.

थट्टा पुरे. पडद्यावर मेलेलं माणूस उठून उभं राहिलं की मग पाकीट द्यायचं, म्हणजे ते मरण तिथेच फिटतं. आधी दिलं तर तो मरणाचा विसार होतो. त्या पोराला कुणी शिकवलं नसेल, पण तू माझी मुलगी असून घेतलंस कसं? परत कर. रागावला तर रागावू दे. मला भीती वाटते आहे, लपवत नाही.

जपून राहा, एवढंच मागणं.
तुझे बाबा

हंगदियन, २९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस शि. सा. न.

पाकीट परत केलं. दिग्दर्शकाला अपमान वाटला. भित्र्या माणसांचं इथे काम नाही म्हणाला आणि उडी ताओला दिली. ताओ माझ्याच खोलीत राहते, अंगाने माझ्याहून भरलेली. यंत्राचा ब्रेक माझ्या वजनाला लावलेला होता. घाईत कुणी बदललाच नाही, आणि ती जमिनीवर आदळली. ती जिवंत आहे, पण पायांना काही कळत नाही. तिच्या आईने मला विचारलं की तुझ्या जागी माझी पोर का गेली. मी बाबांचं ऐकलं, असं सांगितलं.

दिग्दर्शक उडी गाळायला तयार नाही. उद्या तिसऱ्याच एका मुलीला चढवणार होते, तिच्या वजनाला ब्रेक नव्याने लावून. माझ्या वजनाला तो नीट धरतो, हे सरावात पाहिलं आहे. म्हणून तिच्याऐवजी उडी मारायला मी होकार दिला.

रागावू नका. हे पत्र हाती पडेल तेव्हा उडी होऊन गेलेली असेल.

तुमची,
सुक-यिंग