ताईनं मधेच सोडलेलं गाणं

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

उद्या नागपूरला ताईच्या गळ्याचं ऑपरेशन. गाठ काढताना आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही. ताई मात्र मजेत.

आज टीव्हीवर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या पॉप गाण्यांचे टॉप टेन लागले. दहाव्या नंबरापासून ताई प्रत्येक गाणं म्हणत होती, एक हात गळ्यावर ठेवून. करडी गावी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आम्ही दोघी स्टेजवर हीच गाणी म्हणायचो. पहिल्या नंबरावर आमचं डिस्कोचं गाणं लागलं आणि ती मधेच थांबली. हात गळ्यावरच.

"काहून थांबली वं ताई?"

"मले भेव लागते वं. तू म्हण, मी आयकून राहिली."

स्टेजवर मी कायम तिच्या आवाजाआड लपायची. आज एकटीनं म्हटलं, चुकत, रडत, शेवटपर्यंत. "लय बेसूर आहेस," म्हणून ती हसली.

आत्ता तिच्या बॅगेत टॉवेल ठेवायला गेले, तर तळाशी एक कोरी वही आणि दोन पेनं. बोलता नाही आलं तर लिहायला. कधी ठेवली होती तिनं ही? आणि मी तिला इतके दिवस मजेत समजत होते.