बुधवार मी दिला होता

प्रिय आई,

टीव्हीवर बातमी पाहून तू घाबरली असशील, म्हणून लिहिते. मी बरी आहे, वेळेवर जेवते, नोकरीचं पुढचं पुढे बघू. गुडघ्याला मलम लावतेस ना?

शुक्रवारी सव्वानऊला गर्भपाताचा हक्क काढून घेणारा मोठ्या कोर्टाचा निकाल आला आणि इथे अलाबामात गर्भपात करणं त्याच दिवशी गुन्हा ठरलं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "कॉर्लिस, बसलेल्या सगळ्यांना घरी पाठव." गर्भपातासाठी आलेल्या आठजणी होत्या.

त्यात नोएमी होती. तीन लेकरांची आई, चार तास गाडी चालवून आलेली. तिचा नंबर साडेनऊचा.

इथे आधी येऊन कागदांवर सही करायची, मग अठ्ठेचाळीस तास विचार करायचा आणि पुन्हा यायचं, असा कायदा होता. ती सहीला सोमवारीच यायचं म्हणत होती. फोनवर वेळ देताना मीच म्हटलं, "बुधवारी ये गं, सोमवारी फार गर्दी असते. निवांत बोलू." सोमवारी सही झाली असती, तर बुधवारीच तिचं काम झालं असतं.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मॅडम, मी तर फोन केला तेव्हाच ठरवलं होतं," एवढंच म्हणाली आणि पर्स उचलून गेली. मी तिला दार उघडून द्यायलाही उठले नाही.

रविवारी तुमच्या चर्चमध्ये निकालासाठी देवाचे आभार मानले असतील. तूही आमेन म्हटलं असशील. मला राग नाही. पण पुढच्या रविवारी प्रार्थनेत नोएमीचं नाव घे.

आणि माझंही. बुधवार मी दिला होता.

तुझीच,
कॉर्लिस