एका हाताचा नमस्कार

पुणे,
२० नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना दिपालीचा पाया पडून नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की मधलं काही गाळू नये. तहान लागली तर पाणी प्यावं, पण थांबू नये. तुमच्या लेकाची सवय आपल्या दोघींना ठाऊक आहे.

इकडं दवाखान्यात सगळं ठीक. सत्यमला खालचे दोन दात आलेत, दिसेल ते चावतो. शेजारच्या खोलीतल्या विमलबाईंना तुमची शेंगदाण्याची चटणी दिली, तर त्यांनी डबा चाटूनपुसून परत केला. म्हैस गाभण राहिली का, ते कळवा.

वैष्णवीबद्दल तुम्ही फोनवर रोज एकच विचारता, "पोरीनं पाऊल टाकलं का गं?" आणि माझी रेंज नेमकी तेव्हाच जाते. आत्याबाई, रेंज कुठंच जात नव्हती.

सत्यम झाला तेव्हाचं आठवतं? डॉक्टरांनी त्याच्या नाळेतलं रक्त मागितलं होतं. वैष्णवीच्या मेंदूला जन्मतानाच इजा झालेली, भावाच्या रक्तातल्या मूळपेशी तिला देऊन बघू, पण हा अभ्यास आहे, गुण येईलच असं नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. आपल्या घरात प्रत्येकाची नाळ गोठ्याच्या कोपऱ्यात पुरलेली. मी तुमच्याकडं बघायलाही भीत होते, आणि तुम्हीच म्हणालात, "मातीत पुरून काय उगवनार हाय? लेकराच्या कामाला येऊ द्या की." गावी घाटनांदूरला परतल्यावर बायका ओट्यावर बसून बोलल्या, म्हातारीनं नातवाची नाळ परक्याला दिली. तुम्ही म्हैस घेऊन त्यांच्यासमोरूनच पाण्यावर गेलात. तुमचे हे उपकार मला तोंडानं कधी बोलता आले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आता जे फोनवर जमेना ते. परवा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की वैष्णवी आपल्या पायांनी चालेल असं त्यांना वाटत नाही. मी जिन्यात बसून पोटभर रडले. तिला चालवत योगेश्वरीच्या देवळात नेईन, असा नवस तुम्ही बोललात. तो तसा फिटणार नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट ऐका. सत्यम खोलीच्या कोपऱ्यात ताटली बडवत होता. वैष्णवीनं मान उचलली, त्याच्याकडं वळवली आणि तशीच ठेवली. सात वर्षांच्या पोरीनं मान धरली, आत्याबाई. तान्ह्या बाळाचं कौतुक सांगावं तसं मी सगळ्या मजल्यावर सांगत फिरले. आता रोज धरते. हा पेशींचा गुण की व्यायामाचा, असं डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "खरं सांगू का ताई, आम्हालाही नक्की ठाऊक नाही." असू दे. मी दोन्हींचे उपकार मानते.

योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्राला आम्ही येतोय. वैष्णवी माझ्या कडेवरच असेल. दरवर्षी देवीपुढं तुमचा एक तळहात तिच्या मानेखाली असायचा आणि उरलेल्या हातानं तुम्ही नमस्कार करायचात. अर्धाच नमस्कार केला, देवी काय म्हणेल, म्हणून घरी येऊन हळहळायचात.

यंदा मान तिची ती धरील. तुम्ही दोन्ही हात जोडा.

तुमचीच,
दिपाली