मुखवट्याच्या जागी

१७ नोव्हेंबर १९९६, औरंगाबाद

आलो एकदाचा, आठवडा झाला! परभणीहून निघताना आई रडली, बायकोला मागं ठेवतोय म्हणून अंबिका रुसली, आणि मी मात्र एस्टीत खिडकीशी बसून गाणी गुणगुणत आलो. क्रांती चौकाजवळ खोली मिळालीय. खाली बेकरी आहे, त्यामुळं सकाळी वासानंच जाग येते. संग्रहालय खाजगी, ट्रस्टचं. अध्यक्ष आप्पासाहेब गोड बोलतात आणि काम रगडून घेतात. पहिलंच काम म्हणजे जुन्या घरांतल्या वस्तू मागून आणायच्या आणि प्रदर्शनात मांडायच्या.

लोक वस्तू द्यायला बिचकतात, आणि बरोबरच आहे. म्हणून करारनामा मी स्वतः लिहिला. विमा, चारी बाजूंनी फोटो, जुने पोचे आधीच नोंदवणं, सगळं त्यात आलं. काचेच्या कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली आप्पासाहेबांकडं, एक मालकाकडं. माझ्याकडं एकही नाही! उद्या काही झालंच तर आपल्या अंगाशी यायला नको. सदाशिवराव, हुशार आहात, असं स्वतःलाच म्हणून घेतलं.

२१ नोव्हेंबर

दौलताबादला जाऊन आलो. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळाची बाग, आणि बागेत वच्छलाबाईंचं घर. त्यांच्या देवघरात देवीचा पितळी मुखवटा आहे, पुसून पुसून नाक गुळगुळीत झालेला. रझाकारांच्या टायमाला तो धान्याच्या पेवात लपवला होता म्हणे. मुलगा रामकिसन वाळूजला कारखान्यात आहे, राहतो बजाजनगरात. तो लगेच तयार झाला.

बाईंना मात्र माझ्या करारनाम्याचं काडीचं कौतुक नाही. कागदानं देव राखला असता तर आम्ही पेव कशाला उकरलं असतं, म्हणाल्या. त्यांची एकच अट. देव उठला की पाट रिकामा ठेवायचा नाय, त्या जागी सुपारी मांडायची, आणि ती नेणाऱ्याच्या नावाची. आता यात काय आहे? पूजेला बायको हजर नसली की तिच्या नावाची सुपारी ठेवतातच आपल्याकडं. म्हटलं, खुशाल ठेवा. खरं तर नेणारा ट्रस्ट. पण मी ऐटीत माझं नाव, गोत्र, सगळं सांगून मोकळा झालो. बाईंनी डोळे मिटून अक्षता टाकल्या. मला हसू आवरेना.

२ डिसेंबर

उद्घाटन झकास झालं. मुखवटा मधोमध मांडलाय. लोक आपसूक चपला काढून पुढं जातात.

एक गंमत लिहायची राहिली. पहाटे अंथरुणातच डोक्यावरून गार पाणी ओघळल्यासारखं झालं. उशी तर कोरडी. उठून आरशात पाहिलं तर कपाळावर कुंकू. कुणी थट्टा केली म्हणावं, तर दाराला आतून कडी. मुखवटा आणल्यापासून रोज हेच, आज तिसरा दिवस.

९ डिसेंबर

अंबिका आली. खोली बघून नाक मुरडलं आणि लगेच कामाला लागली. गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. वासानंच जीव कासावीस झाला. पण हात उचलेना! मांडीवर नुसता धोंडा. बसून राहिलो, ताटाकडं बघत. शेवटी तिनं ताट उचललं आणि त्याच क्षणी हात सुटले. मग तिच्या हातातल्या ताटातलाच घास तोंडात घातला, तो घशाखाली जाईना. परभणीला आईच्या हातचंच गोड लागतं काय, म्हणून ती जी चिडली ती अजून बोलत नाही.

रोज असंच होतंय. मला भूक लागलीय हो. भयंकर भूक लागलीय.

१३ डिसेंबर

दौलताबादला गेलो होतो. पाटावर सुपारी, कुंकवानं माखलेली, वर झेंडूचं फूल. बाईंनी वाटीत पुरण आणलं, सुपारीपुढं ठेवलं, पाणी फिरवलं, आणि उचलून नातवंडांना वाटून टाकलं. दाखवायचं आणि उचलायचं. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि रडू आलं.

हात जोडले, सुपारी उचला म्हटलं. बाई दुष्ट नाहीत. किल्ली लगेच कनवटीची काढून दिली. मुखवटा आण लेकरा, मंग उचलते, पण पाट उघडा टाकला तर घर बसंल माझं, म्हणाल्या.

१९ डिसेंबर

आप्पासाहेब किल्ली देत नाहीत. हसून माझाच करारनामा पुढं केला. मुदत संपेपर्यंत वस्तू हलवायची नाही, मालकानं मागितली तरी नाही. कलम माझंच, अक्षरही माझंच. खरं काय ते सांगितलं तर म्हणाले, चार दिवस रजा घ्या, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. टॉनिक दिलंय. ते गिळायचं कसं?

दुपारी काच फोडायला हातोडी उचलली. कुठंतरी घंटा वाजली. तिकडं आरती असणार. हात तसाच वर राहिला, आरती संपेपर्यंत. पोरंबाळं येऊन बघून गेली.

२७ डिसेंबर

रामकिसननं मुखवटा ट्रस्टला कायमचा देऊन टाकला. सत्कार झाला, शाल, नारळ. देव दिल्यापासून घरात भरभराट आहे म्हणाला. सुपारी पावते म्हणे.

मी पावतो. कुणाला काय पावतो — मला तर माझं —

२ जानेवारी

वच्छलाबाई आल्या होत्या. अंबिकेसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेऊ शकलो नाही. माफ कर रे, लेकानं देव देऊन टाकला, मी म्हातारी घर उघडं कसं ठेवू, म्हणून लई रडल्या. उद्या सुपारीची प्रतिष्ठा आहे. चांदीचे डोळे करून घेतलेत. लाखेनं बसवणार.

ओरडलो. ओठ हलले नाहीत.

३ जानेवारी

अंबिकेला परभणीला जा म्हणून लिहून दाखवलं. जात नाही. हात धरून बसलीय. दुसऱ्या हातानं लिहितोय —

पाणी. दूध. परत पाणी. मंत्र ऐकू येतायत —

लाख वितळल्याचा वास. तिला येत नाही —

डावा डोळा बसला. आई गं —

डाव्याला अंबिका दिसत नाही. डाव्याला देवघर दिसतं, समई, हात जोडलेली पोरं. उजव्याला अजून ती आहे, असं काय बघता म्हणून विचारतेय. अंबे, तुझ्याकडंच बघतोय, तू हलू नको, तू अशीच समोर —