तिला विचारलंस, मला सांगितलंस

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुझ्या त्या शिष्येवर जळते. या वयात लाज वाटायला पाहिजे खरं तर, पण नाही वाटत.

जिंतूरच्या आपल्या दुकानात ती शिवण शिकायला आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी तुझी पोटची, मशीनखाली खेळून वाढलेली. मला तू कापडावर खडूनं रेघा आखून द्यायचीस आणि म्हणायचीस, "ह्याच्यावरून काप, इकडंतिकडं जाऊ नको." तिच्या हातात मात्र कोरं कापड. कंबरेवर हात ठेवून विचारायचीस, "कुठून कापशील गं?" ती गप्प, तूही गप्प. आत चुलीवर डाळ करपायची, तरी तू तिच्या तोंडाकडं बघत उभी. मी डाळ उतरवायचे आणि मनात म्हणायचे, मीच लाडकी, मला सगळं आयतं मिळतंय, हिला उगीच ताटकळत ठेवलंय. किती येडी होते मी.

आता तिचं दुकान बसस्टँडच्या मागं आहे. तिच्याकडच्या बाया स्वतः माप घेतात, स्वतः कापतात, आणि ही दुपारी घरी जाऊन निवांत झोपते म्हणे. इथं मी जेवायला बसले की हाक येते, "ताई, आता काय करू?" सोयाबीन विकलं की लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडतो, हे तुला सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत माझी सगळ्यात चांगली कारागीर, जिच्या हातावर माझं दुकान चालतं, ती म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यापासून मी तिकडं जाणार हाय." का, तर म्हणे, "तिथं आमाला इचारत्यात." पगाराचं म्हणाली असती तर इतकं लागलं नसतं.

मग मीही विचारायला लागले. "ही बाही अशी का लावलीस?" तिनं लगेच टाके उसवायला घेतले. बाही चांगली लावली होती गं. पण आपल्याकडं विचारणं म्हणजे रागावणंच. शाळेत काय, सासरी काय, "का केलंस" म्हटलं की माणूस आधी "चुकलं" म्हणून मोकळं होतं.

शेवटी थोडी लेस मागायच्या निमित्तानं मी त्या तुझ्या लाडकीच्या दुकानात गेले. चहा आला. तेवढ्यात तिच्या हाताखालच्या एका बाईनं माप आणून दाखवलं, तर हिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "गिऱ्हाईक उभं कसं ऱ्हातंय? खांदा कोणता पडलाय?" एवढंच विचारलं. गिऱ्हाईक हिनं पाहिलंच नव्हतं, हिला खरंच माहीत नव्हतं. ती बाई आठवून आठवून, स्वतः खांदा पाडून दाखवत होती आणि ही कंबरेवर हात ठेवून थांबली होती. अगदी तुझ्यासारखी. माय, मशीन मला ठेवलीस, घर मला ठेवलंस, आणि हे थांबणं तेवढं तिला देऊन गेलीस. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले. लेसही विसरले.

घरी येता येता एक कळलं. मी जे जे विचारत होते त्याचं उत्तर माझ्या तोंडात आधीच तयार असायचं, आणि समोरच्या बाईला ते दिसायचं.

दुसऱ्या दिवशी माझ्या त्या कारागीर बाईला मला खरोखर माहीत नव्हतं ते विचारलं. "तू इथं राहावंस म्हणून मी काय करू?" ती रिळावर दोरा गुंडाळत राहिली. पगारवाढ, दिवाळीची साडी, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण दात आवळून बसले. मग हळूच म्हणाली, "नवरीचं कापड मला कापू द्या. रेघा न आखता." दिलं. तिनं कातर लावली तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. ब्लाउज नीट बसला. आता ती कुठं जात नाही म्हणते.

तुझ्यावरचा राग काही गेला नाही बरं का. एकदा तरी मला विचारायचं होतंस. चुकलं असतं तर एक कापडच वाया गेलं असतं ना.

हे काही पोस्टात टाकायचं नाही, म्हणून एक खरं सांगून टाकते. त्या दिवशी नवरीचं कापड कापता कापता ती म्हणाली, "ताई, हे असं इचारायला तुमाला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "आमच्या मायनं."