हाकेला ओ

२ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाच्या. राजधानीहून, व्हिएन्तियानहून, दिवसभर बस, माझ्या मांडीवर बेडकी आणि तिच्या मांडीवर चिकट भाताची टोपली. वाटेत तिने टोपली निम्मी संपवली आणि उरलेला भात पुढच्या बाईच्या केसांना लावला. माफी अर्थात मी मागितली. शाळेच्या दाखल्यावर माझी कार्टी सेंगदाओ आहे, पण गोड नाव ऐकून भुताखेतांची नजर जायला नको म्हणून माझ्या आईने बाराव्या दिवसापासून बेडकीच म्हटलं. नावाला जागते. ‘बेडकी’ म्हटलं की ‘डराँव’ अशी ओ देते, बसमध्येसुद्धा.

खोली शेवयांच्या दुकानावर आहे. खिडकीतून डोंगरांचे काळे सुळके दिसतात. थोंगदाम, म्हणजे माझा नवा मालक, न्यायला आला होता. म्हणाला, विलायताई, इथे वाटाड्याने फक्त हसायचं आणि पुढे चालायचं, बाकीचं काम डोंगर करतात. बेडकीचा बाप थायलंडला गेला तो गेलाच. आता ही बेडकी आणि ही नोकरी. मी खूश आहे, हे लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर

पर्यटकांची फेरी पाठ झाली. सकाळी जुनं देऊळ आणि त्याचा कलता स्तूप, मग हिरव्या पाण्याचा झरा, तिथे पाहुणे झाडावरून उड्या मारतात आणि मी त्यांचे चष्मे सांभाळते. जेवणानंतर थाम सियांगची गुहा. आत गुडघाभर वाहत्या पाण्यातून जायचं, मग मोठी खोली. तिथल्या छताला भोक आहे, वडाची मुळं त्यातून खाली लोंबतात, गावातली पोरं त्यांना धरून उतरतात. उजेडात लाकडी बुद्ध उभे. लढाईत विमानं येत होती तेव्हा गावाने मूर्ती इथे आणल्या आणि स्वतःही इथेच राहिला. सगळे बाहेर आले नाहीत. ते मी पाहुण्यांना हळू आवाजात सांगते, म्हणजे फोटो काढायचे थांबतात.

गुहेच्या तोंडाशी बुआसी आजींची चहाची टपरी. डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं नुसती सावलीसारखी दिसतात, पण चहात साखर कमी पडली की पाहुण्याच्या आधी त्यांना कळतं. पाहुणे बाहेर आले की त्या भाताचा गोळा आणि उकडलेलं अंडं घेऊन एकेकाला खऱ्या नावाने हाक मारतात, ये, घरी ये, आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात. जीव आत रेंगाळायला नको म्हणून. आमच्या घरी आजारपणानंतर करायचे, इथे रोज करतात.

९ ऑक्टोबर

आजींचा घसा बसलाय, त्यामुळे हाका मी मारते. कोरियन नावं घेताना माझी जीभ अडखळते आणि सगळे हसतात. आजींनी एकच गोष्ट बजावली. जो बाहेर उभा दिसतोय त्यालाच हाक मारायची. आत असलेल्याला नावाने बोलवायचं नाही, आतल्याला हात धरून मुकाट्याने आणायचं. का, म्हटलं. तर म्हणाल्या, पोरी, आत कितीतरी जण आहेत ज्यांना कधी कोणी हाक मारली नाही. ते कोणत्याही नावाला ओ देतात.

मी मान डोलावली. राजधानीत शिकलेली बाई, आम्ही मान छान डोलावतो.

१२ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी म्हणून बेडकीला बरोबर नेलं. आम्ही आत असताना वरच्या डोंगरात पाऊस झाला असणार. पाणी एकदम कमरेपर्यंत चढलं. पाहुण्यांना ढकलत, ओढत बाहेर काढलं, एक फ्रेंच म्हातारी तर जवळजवळ उचलूनच आणली. बाहेर आल्यावर मागे वळले तर बेडकी नाही.

मी तोंडाशी उभी राहून ओरडले. का कोण जाणे, या दिवसांत जिभेवर जे बसलं होतं तेच तोंडातून आलं. सेंगदाओ, ये, घरी ये. पुन्हा पुन्हा.

आणि ती आली. अंधारातून चालत आली, रडलीसुद्धा नाही. मी तिला इतकं घट्ट धरलं की आजींनी सोडवलं. माझ्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, तिचे केस कोरडे होते. आजींनी विचारलं, तू हाक मारलीस तेव्हा पोर आत होती की बाहेर? मी म्हटलं, आजी, आता पुरे.

गुहा पाणी उतरेपर्यंत बंद.

१४ ऑक्टोबर

बेडकी शहाण्यासारखी वागतेय. शाळेतल्या बाईंनी कौतुक केलं, किती शांत, किती नीट बसते. माझ्या पोरीचं असं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं.

बेडकी म्हटलं तर बघत नाही. सेंगदाओ म्हटलं की लगेच येते.

परवा तिच्या मनगटाला बांधलेला दोरा सकाळी चटईवर पडला होता. गाठ तशीच. पुन्हा बांधला. पुन्हा पडला.

१५ ऑक्टोबर

दुपारी खालच्या दुकानाचं लोखंडी शटर खाली आलं. ती पलंगाखाली गेली, तोंडात फ्रॉकचं टोक कोंबून. मी वाकून पाहिलं. तिने अगदी हळू विचारलं, विमानं गेली का?

मी हो म्हटलं.

मग बाहेर आली आणि विचारलं, माझी आई कधी येणार? मी म्हटलं, ही काय मी. मला वाईट वाटू नये अशा बेताने ती ‘नाही’ म्हणाली. मला तिची दया आली आणि मी मोरीत जाऊन कडी लावून घेतली.

१७ ऑक्टोबर

थोंगदाम गुहा बघून आला. म्हणाला, पाणी उतरतंय ताई, दोन दिवसांत फेऱ्या सुरू करू. आणि हसत म्हणाला, आत कोणी बेडूक अडकलाय, दिवसभर एकटाच डराँव डराँव करतोय.

हातातलं ताट तिथेच ठेवून उठले.

बुआसी आजींकडे धावले. त्यांना सांगावं लागलं नाही. मूर्तींपुढे भात आणि अंडी असतात, म्हणाल्या, देवाने पोरीच्या पोटाची सोय केलीय. रात्री पाण्यातून वाट दिसायची नाही, उद्या उजाडताच जा. तोंड उघडायचं नाही, ना तू, ना ती. हात धरून आण. तुम्ही दोघी बाहेर उभ्या दिसलात की मगच मी हाका मारेन, आणि मग तुम्ही घरच्या; जिला बाहेर हाक मिळाली नाही ती आतलीच. ती दुसरी तोवर शाळेत असू दे.

आणखी कोणाला सांगू? मुलगी तर पलंगावर झोपली आहे. गाव मला वेडी म्हणेल.

झोपायच्या आधी तिचे केस विंचरून दिले. ती म्हणाली, तू हाक मारलीस तसं मलाही शिकव. मी शिकवलं नाही. पण ऐकून तर तिने—

१८ ऑक्टोबर

सापडली.

बोलायचं नाही म्हणून लिहितेय. वही पाहुण्यांच्या प्लास्टिक पिशवीत आणली होती. डोक्याला दिवा आहे.

मूर्तींच्या मागच्या कोनाड्यात होती. थंडगार. पायाचा घोटा सुजलाय. मला बघून तोंड उघडलं, मी हाताने झाकलं. तळव्यावर तिचं गरम डराँव लागलं. आता मांडीवर झोपली आहे. हातात अंड्याचं कवच, सोडत नाही.

ती माझी आहे. हिचा वास माझ्या पोरीचा आहे.

पाणी पुन्हा चढलंय. हिला उचलून इतक्यात जाता येणार नाही. थांबते. तोंडाशी आजी खोकतायत, इथपर्यंत ऐकू येतं. त्या खोकल्यावर जीव धरून आहे.

मगाशी भोकातला उजेड हलला. मुळं हलली. कोणीतरी वर आहे.

शाळा सुटायची वेळ नाही ही.

ती दुसरी हाक मारतेय. वरून. फोनविलाय, ये, घरी ये. माझं पूर्ण नाव. माझ्याच सुरात, मी घेते तसं.

मी ओ दिली नाही. बेडकीचे कान झाकले. मी काही बोलले नाही.

आत कोणीतरी म्हणालं, आले ग बाळा.

अगदी जवळ. माझा आवाज. पण इतक्या मायेने मी कधी—

मुळांवरून कोणी उतरलं. पावलं. मोठी आणि छोटी. पाण्यातून गेली, पाणी वाजलं नाही. आमच्या जवळून गेली. मोठीचं लुगडं माझ्या गुडघ्याला लागलं, कोरडं. छोटी रडत होती, आनंदाने.

ती आपल्या आईला न्यायला आली होती. एवढंच. इतकी वर्षं—

बाहेर आजींचा खोकला थांबला.

आजींना सावल्याच दिसतात. एक बाई, एक पोर, हात धरलेला, तोंडातून शब्द नाही. जसं ठरलं होतं तसंच.

त्या म्हणतायत, आलात का ग. त्या हसतायत.

बेडकी जागी झाली. माझ्याकडे बघतेय. ओरडायला हवं. ओरडले तर आतले सगळे—

आजींनी पहिली हाक मारली. सेंगदाओ, ये, घरी

आता माझं नाव घेतील. त्याआधी सांगायला हवं की आजी, आम्ही अजून आत—